शेवटचं कडवं कापू नका : आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतले सर्व सभासद यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र आधी मी मंडळाच्या कार्यालयात दिलं होतं. 'पुढच्या मीटिंगमध्ये ठेवतो' असं सांगून ते ठेवून घेतलं गेलं आणि ठेवलेलंच राहिलं. मीटिंग झाली, चहा-समोसे झाले, डिसेंबरातल्या भावगीतांच्या कार्यक्रमाची नियमावली व्हॉट्सॲपवर आली. तिच्यात एक अक्षरही बदललेलं नव्हतं. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. मंडळाचं नाव मुद्दाम घालत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी माणसाला ते सांगायला नको, आणि बाहेरच्याला त्याच्याशी काही कर्तव्य नाही.

नवे नियम असे. प्रत्येक गायकाने ध्रुवपद आणि एकच कडवं म्हणायचं. गाण्याआधीचं निवेदन बंद. त्याऐवजी प्रेक्षकांच्या हातात 'भावार्थ' छापलेला कागद द्यायचा. आणि 'अशुभ अथवा उदास आशयाची' गाणी यंदापासून घ्यायची नाहीत.

तुम्ही म्हणाल, हिचं निवेदन गेलं म्हणून ही तणतणते आहे. थोडं खरं आहे. बरीच वर्षं ते काम माझ्याकडे होतं आणि मला ते आवडायचं. पण माझ्या जागी दुसऱ्या कुणाला उभं केलं असतं, तर मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं असतं. मी काही मराठीची प्राध्यापक नाही. बँकेत नोकरी केली, व्हाउचरं तपासली, निवृत्त झाले. आजोबा संस्थानी नोकरीसाठी इकडे आले, तेव्हापासून आम्ही ग्वाल्हेरचे. घरात सलग मराठी बोलणारी आता मी आणि माझे धाकटे दीर. नातवंडं 'आजी, पानी दे' म्हणतात आणि मी पाणी देते. त्यांना मराठी येते ती गाण्यांपुरती. ज्या घरांत मराठीची एवढीच शिल्लक राहिली आहे, अशा घरांतली मंडळी तुमच्या सभागृहात निम्मी तरी असतात. त्यांना गाण्याचा अर्थ कुणीतरी बसून सांगायचं, असं हे वर्षातून एकदाच घडत होतं. तेही तुम्ही काढून टाकलंत.

त्यातून कार्यक्रम कुणाच्या आठवणीत आहे, हेही बघा. भास्कर रामचंद्र तांबे. जन्म मुंगावलीचा, म्हणजे ग्वाल्हेर संस्थानातलाच. मग देवास, प्रतापगड, अजमेर असं करत शेवटी लष्करात मुक्काम. इथले राजकवी झाले आणि डिसेंबर १९४१ मध्ये इथेच गेले. कवी माधव जूलियनांनी १९३५ साली 'तांबे यांची समग्र कविता' संपादित केली. ती उघडून पाहिलीत तर कवितेखाली बारीक अक्षरांत जाती (म्हणजे छंद), राग, ठिकाण आणि साल दिलेलं दिसेल. कितीतरी ठिकाणी 'लष्कर, ग्वाल्हेर' आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांना ही गाणी रेडिओवरून मिळाली. आपल्याकडे ती आपल्याच गल्ल्यांतून निघाली. कुमार गंधर्वांनी देवासला राहून 'तांबे गीतरजनी' हा अख्खा कार्यक्रम या एका कवीवर बांधला. आणि आपण त्याच कवीच्या स्मृतिदिनाला त्याची कविता मोजून कापायची!

आता मुद्द्यांवर येते.

पहिला आणि सगळ्यांत मोठा मुद्दा 'ध्रुवपद आणि एक कडवं' या नियमाचा. दुसऱ्या कुठल्या कवीला हा नियम कदाचित चालूनही जाईल. तांब्यांना नाही. त्यांच्या गाण्याची ठेवणच अशी की सुरुवात घरातली, ओळखीची, गोड. नवरी आहे, सखा आहे, संध्याकाळ आहे. ऐकणारा निर्धास्त होतो. मग शेवटच्या कडव्यात कवी अलगद पडदा बाजूला करतो आणि तुम्ही इतका वेळ भलत्याच ठिकाणी उभे होतात हे कळतं. ते कडवं ऐकल्यावर आधीचं सगळं गाणं मनात पुन्हा, नव्याने वाजतं. तुमचा नियम नेमकं तेच कडवं खातो.

'मधु मागशी माझ्या सख्या परी' घ्या. मधुघट रिकामे पडले आहेत, आजवर कमळाच्या द्रोणातून तुला मधु पाजला, ती सेवा आठव आणि रागावू नकोस. इथपर्यंत कुणालाही वाटेल की रुसव्या-फुगव्याचं प्रेमगीत आहे. दुसऱ्या कडव्यात देवाच्या नैवेद्यापुरती दुधाची एकच वाटी आणि पूजेसाठी अंगणात कशीबशी जगवलेली कोरांटी येते. जरा चमकायला होतं. तिसऱ्यात मागणी काय आहे ते उघड होतं : तरुण-तरुणींची सलज्ज कुजबुज, वृक्षझऱ्यांचं गुज, संसाराचं मर्म. म्हणजे सखा मागतो आहे ती कविता! पूर्वीसारखी प्रेमगीतं लिही म्हणतो आहे. आणि चौथ्यात उत्तर येतं, 'ढळला रे ढळला दिन सखया, संध्याछाया भिवविति हृदया'. वय झालं. डोळे पैलतीराला लागले. आता ती गाणी माझ्याकडून पिळून काढू नकोस. एका म्हाताऱ्या होत चाललेल्या कवीने आपल्या वाचकाला हात जोडून दिलेला हा नकार आहे, आणि गंमत अशी की नकार देता देता त्याने आपल्या सगळ्यांत गोड गाण्यांपैकी एक लिहून टाकलं.

गेल्या वर्षीच्या तालमीतली गोष्ट सांगते. बी.एस्सी.ला असलेली एक मुलगी हे गाणं म्हणत होती. आवाज छान, तयारी छान. मोबाईल समोर धरून, मान वेळावत, 'परी' वर एक लाडिक मुरकी घेत होती. संपल्यावर मला म्हणाली, 'मावशी, हे कोण कुणाला म्हणून राहिलंय?' आम्ही दोघी पायरीवर बसलो आणि चारी कडवी नुसती वाचली, पेटीशिवाय. मी फार काही सांगितलंही नाही. फक्त विचारलं की 'पैलतीर' कशाचा. ती जरा गप्प झाली. मग उठून तिने गाणं पुन्हा म्हटलं तेव्हा पहिल्याच ओळीतली ती मुरकी गेली होती. कुणी काढ म्हटलं नव्हतं. 'ढळला रे' हा शब्द दुसऱ्यांदा येतो तिथे तिने आवाज वाढवण्याऐवजी सोडला, आणि तबल्यावर बसलेले आमचे काका, जे सहसा गाण्याकडे लक्ष न देता घड्याळाकडे बघतात, त्यांनी ठेका हलका केला. यंदा तीच मुलगी तेच गाणं म्हणणार आहे. तिला सांगण्यात आलं आहे की पहिलं कडवं घे आणि उतर.

वेळ नाही, हे तुमचं कारण. अडीच तासांत चोवीस गाणी बसवायची आहेत. मग चोवीस कशाला? चौदा घ्या. लता मंगेशकरांनी वसंत प्रभूंच्या चालीत हे गाणं म्हटलं तो जमाना तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळण्याचा होता. तरी त्या गाण्यात 'ढळला रे ढळला' आहे. त्यांना बसवता आलं. आपल्याकडे तर शाल-श्रीफळाला, प्रायोजकांच्या मनोगताला आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने दोन शब्द' म्हणत चाललेल्या दोनशे शब्दांना कुणी घड्याळ लावत नाही. कात्री तेवढी गाण्याला.

दुसरा मुद्दा त्या गुलाबी कागदाचा. भावार्थाचा कागद मी नीट वाचला. तो कुणी लिहिला हे मला माहीत नाही आणि शोधायचंही नाही. पण त्यात काय छापलं आहे ते सभासदांना कळायला हवं.

'मधु मागशी' पुढे लिहिलं आहे : प्रियकराला देण्यासाठी प्रेयसीकडे प्रेम उरले नसल्याची व्यथा. वर सांगितलंच, त्यावर आणखी बोलत नाही.

'कळा ज्या लागल्या जीवा' पुढे आहे : प्रेमभंगाचे दुःख. अहो, ते गाणं सुरुवातीलाच सांगतं की या कळा मला ठाऊक किंवा ईश्वराला ठाऊक, आणि कुणाला काय सांगाव्या? जो माणूस सांगणार नाही म्हणतो आहे, त्याच्या तोंडात आपण प्रेमभंग कोंबायचा? कवीने दुःखाचं नाव मुद्दाम झाकून ठेवलं आहे. तरी खूण शोधायचीच असेल तर ती पुढे आहे : 'नदी लंघोनि जे गेले तयांची हाक ये कानी'. नदी ओलांडून गेलेले हाका मारताहेत आणि इथले पाशांनी बांधून मागे ओढताहेत. यात मला प्रेमभंग दिसत नाही. गेलेली माणसं दिसतात, आणि अजून इथेच अडकलेला एक जीव. तुम्हाला वेगळं दिसत असेल तर सांगा, मी ऐकीन. पण ओळ दाखवून सांगा.

तिसरी नोंद वाचून मात्र मी कागद खाली ठेवला आणि पाणी प्यायले. 'रे हिंदबांधवा, थांब या स्थळी' या गीतापुढे छापलं आहे : झाशी येथील राणी लक्ष्मीबाईच्या समाधीस उद्देशून. झाशी येथील! राणी जून १८५८ मध्ये पडली ती ग्वाल्हेरला. समाधी आपल्या फूलबागेजवळ आहे. तुमच्या सभागृहातून ऑटोवाला पाच-दहा मिनिटांत नेऊन सोडतो. दरवर्षी जूनमध्ये तिथे जत्रा भरते, तुमच्यापैकी कित्येक जण फोटो काढून घेतात. 'ती पराक्रमाची ज्योत मावळे इथे झाशीवाली' असं कवी लिहितो, तेव्हा 'इथे' म्हणजे इथे. आपल्या गावात. 'झाशीवाली' म्हणून झाशी, असं ज्याने ठरवलं त्याने गाणं डोक्यात न घेताच कागदावर घेतलं. शिवाय राणीचं माहेरही तांबे, मोरोपंत तांब्यांची लेक. कवीने त्या गीतात आपल्या कुळाचा उल्लेख अभिमानाने केला आहे. ग्वाल्हेरात राहणाऱ्या तांबे आडनावाच्या कवीला त्या समाधीपुढून रोज जाता-येता काय वाटत असेल, हे निवेदनात सांगायला मला दोन मिनिटंही लागत नसत, आणि हिंदी शाळेतली पोरंसुद्धा त्यानंतर ते गाणं टाचा उंचावून ऐकत.

चौथी नोंद 'पराधीन आहे जगती'ची. तिथे 'गदिमांचे निराशावादी जीवनविषयक चिंतन' असं आहे. गीतरामायणातलं गाणं कुणीतरी कुणाला तरी म्हणत असतं, हे विसरलं की असं होतं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या त्या मालिकेत हे गाणं राम भरताला म्हणतो, चित्रकूटावर. भरत आईवर संतापलेला आहे आणि स्वतःला अपराधी मानतो आहे. राम त्याला सांगतो की दोष कुणाचाच नाही, आईचाही नाही, बाबांचाही नाही. धाकट्या भावाच्या मनातलं विष उतरवण्यासाठी केलेलं ते बोलणं आहे. आणि बोलणारा हताश मुळीच नाही. त्याच गाण्यात तो भरताला राज्य करायला परत धाडतो आणि स्वतः वनात राहायचा निश्चय सोडत नाही. अंत्ययात्रेच्या व्हिडिओमागे हे गाणं लावायची आता पद्धत पडली आहे, त्याला माझा इलाज नाही. मंडळाच्या कागदावर तरी राम आणि भरत यावेत.

बाकीच्या नोंदींबद्दल लिहीत नाही. काही बऱ्या आहेत.

तिसरा मुद्दा 'अशुभ' गाण्यांचा, आणि इथे मला हसू आवरत नाही, रागावून लिहायचं ठरवलं होतं तरी. 'जन पळभर म्हणतील हाय हाय' यंदा यादीतून काढलं. कारण काय, तर कार्यक्रमाला लोक कुटुंबासह येतात, मरणाचं गाणं कशाला. बरं. त्याच कार्यकारिणीने गेल्या महिन्यात वधूवर मेळावा घेतला. मुली मंचावर येताना मागे कुठलं गाणं वाजत होतं? 'नववधू प्रिया मी बावरते.' धुराचं यंत्र सुरू, निळा-गुलाबी प्रकाश, उमेदवार क्रमांक पुकारला जातो, मुलगी बिचारी शालू सावरत पुढे येते, आणि लताबाई मागून म्हणताहेत, लाजते, पुढे सरते, फिरते.

हे गाणंही मरणाचं आहे, मंडळी.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, कविता वाचा. ही नवरी म्हणते की तुझ्यावाचून संसार फुका आहे हे मला कळतं, तरी जवळ यायला मन गांगरतं. नवऱ्याचं चित्र उराशी धरून ती हारतुरे घालते, छायेवरच संतोष मानते, आणि त्याने खरोखर बोलावलं की थरथरते. चित्राला हारतुरे कोण घालतं? आपण देवाला घालतो. जन्मभर तसबिरीची पूजा केली, आणि ज्याची तसबीर तो स्वतः दारात उभा राहिला की पाय लटपटतात. तीच म्हणते, इथला लळा लागला, बागबगीचा सोडवत नाही. आणि शेवटी, होय, शेवटच्याच कडव्यात, 'अता तूच भय-लाज हरी रे'. डोळे भरले तर भरोत, पळभरच. 'खरे घर ते!' माहेर म्हणजे हे जग. सासर म्हणजे ते दुसरं, खरं घर. न्यायला आलेल्याला देव म्हणा, मरण म्हणा, कवीने दोघांना एकच केलं आहे.

याचा अर्थ ते लग्नाचं गाणं नाहीच, असं मी म्हणत नाही. माझ्या पाठवणीत आईने ते म्हटलं होतं आणि सगळा मांडव रडला होता. आईला त्याचा दुसरा अर्थ पक्का ठाऊक होता. सासरी निघालेल्या मुलीची घालमेल त्यात इतकी खरी उतरली आहे म्हणून तर ते मरणालाही पेलतं. आणि ही रीत तांब्यांनी शोधली असंही नाही. आपल्या संतांची विरहिणी आहे. कबीर 'दुलहनी गावहु मंगलचार' म्हणतो आणि राजा रामाला भरतार करतो. या प्रदेशात राहून, निर्गुणी भजनं कानांवर पडत असताना, आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. माझी तक्रार इतकीच की एक मरणगीत अशुभ म्हणून बाहेर आणि दुसरं धुराच्या यंत्रासह आत, यात शुभ-अशुभाचा विचार नाही. वाचलं नाही, एवढंच आहे.

मेळाव्याला तांब्यांचंच गाणं हवं असेल तर 'तिन्ही सांजा सखे मिळाल्या' आहे ना! सूर्य, रात्र, वारा आणि दाही दिशांना साक्षीला ठेवून, हातात हात घेऊन दिलेलं वचन. लग्नाला याहून चांगलं काय हवं? हृदयनाथांची चाल आहे. लावा खुशाल.

उदास म्हणून 'घन तमी शुक्र बघ राज्य करी' सुद्धा वगळलं आहे, असं मला तोंडी कळलं. ज्या गाण्यात कवी खिन्न मनाला अंडं फोडून बाहेर ये, जरा वर भरारी मार म्हणतो, ते उदास? शेवटच्या कडव्यात मरणाचं नाव आहे म्हणून? तिथे तो मनाला विचारतो की भितोस कशाला, आई बाहू पसरून वाट बघते आहे. माझे यजमान गेले त्या वर्षी या एका कडव्याने मला जो आधार दिला, तो पाहुण्यांच्या सांत्वनाने दिला नव्हता. उदास गाणी माणसाला उदास करतात, हे कुणी ठरवलं?

आता तुमच्या एका उत्तराला उत्तर. सचिव मला फोनवर म्हणाले, 'ताई, अर्थ ज्याचा त्याने लावावा, आपण कशाला सांगायचा?' वाक्य ऐकायला छान आहे. मला अर्धं पटतंही. गाण्याला एकच अर्थ असतो आणि तो निवेदिकेच्या फाइलीत असतो, असं मी कधी मानलं नाही. 'कळा ज्या' बद्दल मी वर सांगितलं तसं कवीने झाकलेलं आपण उघडू नये. 'मावळत्या दिनकरा' कुणाला बुडता सूर्य वाटेल, कुणाला पदावरून उतरलेला साहेब, कुणाला स्वतःचे वडील. तिन्ही चालतील, कारण उगवत्याला सगळे वंदन करतात आणि मावळत्याकडे पाठ फिरवतात, ही ओळ तिन्हींना लागू पडते. पण ज्याचा त्याने अर्थ लावायचा तर त्याला सगळी कविता द्यायला हवी की नाही? चार कडव्यांतलं एक हातात ठेवायचं, उरलेली काढून घ्यायची, आणि लाव आता अर्थ म्हणायचं! वर ज्या हाताने 'ज्याचा त्याने' म्हणून निवेदन बंद केलं, त्याच हाताने एक ठरलेला अर्थ छापून वाटायचा. यातलं नेमकं काय खरं समजायचं?

आणखी एक भीती आहे, ती बोलून टाकते. हल्ली प्रत्येक गाण्यामागे एक 'किस्सा' फिरतो. अमुक गीत कवीने अमक्याच्या मृत्यूच्या रात्री लिहिलं, तमुक गीत एका न भेटलेल्या बाईसाठी. कुणी पुरावा मागत नाही, सगळे पुढे ढकलतात. आपला कागद उद्या असाच कुणाच्या तरी मोबाईलवर जाईल आणि 'ग्वाल्हेरच्या मंडळाने छापलं आहे' म्हणून खरा ठरेल. तांब्यांच्या गावातून निघालेल्या चुकीला जास्त वजन असतं. कवितेखाली कवीने दिलेलं ठिकाण आणि साल, आणि कवितेतल्या ओळी, यांपलीकडे आपण छातीठोक काही छापू नये असं मला वाटतं.

मला हवं आहे ते एवढं.

एक, कडवी कापण्याचा नियम रद्द करावा. गाणी कमी करा, माझी हरकत नाही. कापायचंच झालं तर मधलं कापा. शेवटच्याला हात लावू नका.

दोन, गुलाबी कागद मागे घ्यावा आणि त्याजागी गाण्यांची पूर्ण संहिता, कवीच्या जाती-राग-ठिकाण-सालाच्या नोंदीसह, मोठ्या टाइपात छापावी. खर्च तेवढाच येईल. ज्यांना देवनागरी वाचता येते पण मराठी उमगत नाही, त्यांच्यासाठी अवघड शब्दांचे हिंदी अर्थ तळाला द्यावेत. ते काम मी फुकट करून देईन. झाशीची चूक तर आजच दुरुस्त करा, डिसेंबरची वाट बघू नका.

तीन, निवेदन परत सुरू करावं, गाण्याला दोन मिनिटं. ते मी करणार नाही, हे इथेच लिहून देते, म्हणजे शंका नको. गाणाऱ्या मुलामुलींनीच करावं. जो गाणार त्याने आधी सांगावं की हे कोण कुणाला म्हणतंय आणि शेवटी काय होतं. अडखळतील, हिंदी मिसळतील, मिसळू देत. तालमीला दोन संध्याकाळी जास्त द्या, मी येऊन बसेन.

चार, 'अशुभ' हा निकष काढून टाकावा आणि 'जन पळभर' व 'घन तमी' यादीत परत घ्यावीत. आणि वधूवर मेळाव्यात 'नववधू' वाजवू नये. वाजवायचीच असेल तर पूर्ण वाजवा, धुराशिवाय, आणि मुलींच्या आयांना आधी सांगा.

कार्यकारिणीची पुढची सभा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. या पत्रावर तिथे चर्चा व्हावी आणि निर्णय सूचनाफलकावर लागावा. नाही म्हणायचं असेल तर तसं लिहून द्या, कारणासकट. 'ठेवून घेतलं' हे उत्तर मी धरणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद
लष्कर, ग्वाल्हेर

ता. क. : यंदाच्या यादीतल्या तांब्यांच्या सगळ्या गाण्यांची पूर्ण कडवी मी वहीत उतरवून कार्यालयात दिली आहेत. झेरॉक्स काढून वही परत करावी. तिच्यात आमच्या घरच्या गणपतीच्या आरत्याही आहेत.